प्रश्न सातवा

किल्ली हातात द्यायच्या आधी
एक फॉर्म भरायचा असतो.
गिऱ्हाईक भरत नाही, मीच भरते.
ते काचेपाशी उभं राहून
आपली नवी गाडी बघत असतं.

पहिले सहा सोपे. नाव, हुद्दा,
पगाराचा गट (माझा गट त्यात छापलेलाच नाही),
घरी चार्जर बसवायची सोय.
सातवा असा:
सीमाशुल्क आणि नोंदणी माफ नसती,
तरी आपण ही गाडी घेतली असती का?
हो. नाही. सांगता येत नाही.
तीन चौकोन, करंगळीच्या नखाएवढे.

डॉक्टर बोंद्रे, हाडांचे, बंगला कुरुमला.
विचारलं तर हसले. "'नाही'वर खूण कर,
उगाच सवलत काढून घ्यायचे."
मग किल्ली बोटात फिरवत, जरा हळू,
"आमच्या भूलतज्ज्ञाने घेतली ना गेल्या महिन्यात."
याला चौकोन नाही.

खलफान अल-रियामी. ही त्यांची चौथी,
आधीच्या तिन्ही पेट्रोलवरच्या, तिन्ही राहणार.
सवलतीचा आकडा मी दोनदा सांगितला,
दोन्ही वेळा त्यांनी कॉफीच मागितली.
"मुलगी बोलत नाही माझ्याशी," म्हणाले.
"शाळेत शिकवलंय, समुद्र चढतोय."
मी पेन धरून थांबले.
"लिही काहीही. तिला फोटो पाठवतो आधी."

गजेंद्रगडकर मात्र हिशेबाचा माणूस.
इथल्या रियालला दशांशचिन्हापुढे तीन घरं,
ते तिन्ही घरांत राहतात.
तीनदा आले, वही घेऊन आले,
पाच वर्षांचं पेट्रोल, टायर, घसारा,
आणि सवलत धरूनच बेरीज जुळली.
'नाही'वर स्वतः खूण केली, सही केल्यासारखी.
मला पटलंही असतं.
पण पहिल्या फेरीलाच सीटचा रंग ठरला होता,
माझ्या रजिस्टरात आहे, करडा.
गणित नंतर आलं,
वरातीमागून घोडं यावं तसं.

गुरुवारी सिस्टर रोझलिन तुस्कानो आली.
वसईची. रात्रपाळी उतरून,
पायात पांढरे बूट तसेच.
जुनी गाडी वादी कबीरच्या चढाला तापते म्हणाली,
आताशा उतारालाही.
आकडा ऐकला, पर्स उघडली,
औषधाच्या पावतीमागे हिशेब मांडला.
बसत होतं. जेमतेम, दोन भिशा मोडून, पण बसत होतं.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच
तो आकडा कुणाच्या तोंडावर उमटलेला पाहिला.

अडलं सहाव्यापाशी.
रुवीत राहते, चौथा मजला,
गाडी मशिदीमागच्या मोकळ्या जागेत,
आधी येईल त्याची.
"खिडकीतून वायर सोडू?"
ती हसली. मी पण हसले,
आणि मनात खरंच चार मजले मोजले.
पावती घडी करून तिने पर्समध्ये ठेवली,
टाकली नाही.
फॉर्म कोराच राहिला.
जो घेत नाही
त्याला सातवा प्रश्न कुणी विचारत नाही.

महिनाअखेर एकेचाळीस फॉर्म झाले.
'नाही' एकोणतीस.
मॅनेजर खूश: बघ, सवलतीनेच गाड्या खपल्या.
कुणीतरी वर हे बेरजेत घेईल,
तक्ता होईल, तक्त्याला रंग येतील.
मी काही बोलले नाही.
माझंही कमिशन त्याच एकोणतिसांत होतं,
बारांतही होतं.

रात्री नारिंगी-पांढऱ्या टॅक्सीत बसते, मागे तिघे.
गणवेश बघून ड्रायव्हर विचारतो,
त्या गाडीला खरंच आवाज नसतो?
नसतो, मी म्हणते.
शोरूममधून निघते तेव्हा
मान वर केली नाही तर कळतही नाही
कोण गेलं.